दाखला
(बिलोली येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



हा हार आधी काढून ठेवतो. मी सत्काराला आलो नाही. कबुली द्यायला आलोय.

मी याच तालुक्यातला. बाप मांजरेच्या पात्रातली वाळू ट्रकमध्ये भरायचा, माय दुसऱ्याच्या रानात निंदायला जायची. बारावी झालो तेव्हा नांदेडला जायला एस.टी.चं भाडं घरात नव्हतं. बापाच्या चुलतीनं शेळी विकली आणि पैसे मायच्या पदरात टाकले. म्हणाली, "लेकराला जाऊ दे. शेळी काय, पुन्हा होईल."

मी गेलो. शिकलो. नोकरीला लागलो. आणि दहा वर्षं या वस्तीकडं फिरकलो नाही. आडनाव विचारणाऱ्यापुढं विषय बदलायला शिकलो. हे शिक्षणही मला शहरानंच दिलं.

त्याच काळात त्या म्हातारीची नात बारावी पास झाली. पुढं शिकायचं म्हणाली. जातीचा दाखला नव्हता. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तिचा आजा जन्मभर पाटलाच्या ढोरांमागं होता. ना शाळेत नाव, ना वीतभर जमीन. ज्यांना शाळेच्या पायरीवर उभं केलं नाही, त्यांच्याकडंच शाळेचा उतारा मागायचा! ही या व्यवस्थेची मस्करी आहे.

पण खरी मस्करी पुढंच आहे. माझा आजा त्याच आजाचा सख्खा भाऊ. तो निजामाच्या काळात दोन वर्षं शाळेत बसला होता, म्हणून रजिस्टरात त्याचं नाव, म्हणून माझ्याकडं दाखला. बापाकडच्या नात्यातला दाखला पुरावा म्हणून जोडता येतो. तो माझ्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत पडून होता. पोरगी कचेरीच्या चकरा मारून थकली आणि वीटभट्टीवर गेली. तिला कचेरीनं अडवलं, हे खरं. पण मीही अडवलं.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखलं होतं. १८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत शिकलेल्यांनी आपली निराशा केली, हे दुःख त्यांनी बोलून दाखवलं. ते दुःख माझ्यासारख्यांबद्दल होतं.

मराठवाडा निजामाच्या राज्यात पिचलेला होता. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० साली औरंगाबादला कॉलेज उघडलं. तेच मिलिंद. खेड्यातली पोरं तिथं आली, वसतिगृहात राहिली, लिहू लागली, बोलू लागली. म्हणून तर नामांतराची मागणी उभी राहिली. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाचा ठराव झाला आणि आपल्या वस्त्या पेटल्या. याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. विद्यापीठाच्या पाटीवरच्या एका नावासाठी लोकांनी प्राण दिले, आणि आपण फॉर्मची तारीख चुकवायची?

शिष्यवृत्तीला भीक समजू नका. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात होते, तेव्हा १९४४ साली मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. ती लढून मिळवलेली आहे. ताठ मानेनं घ्या. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, तिचाही अर्ज करा. जातीचा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला आत्ताच काढा, निकालाची वाट बघू नका. कारकून "उद्या या" म्हणाला तर चौघं मिळून जा. एकट्याला हाकलता येतं, चौघांना नाही.

आणि कॉलेजात गेल्यावर? मोठं दान करायला मी सांगत नाही. दरवर्षी सुट्टीला गावी या आणि वस्तीतल्या दोघांचे फॉर्म भरा. आपल्या दाखल्याची झेरॉक्स भावकीत वाटा. कपाटात कुलूप लावून ठेवायला तो तुमच्या एकट्याचा नाही. त्यामागं कुणाची तरी शेळी विकली गेलेली आहे.

ती म्हातारी आता नाही. तिच्या नातीची लेक आज तुमच्यात बसलीय, दहावीला. तिची कागदपत्रं मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी मिळून गोळा केली. तिनं मला "मामा, तुमी काहून उशीर केला?" असं विचारलं. माझ्याकडं उत्तर नव्हतं.

तुम्हाला कुणी असं विचारू नये, एवढंच करा.

जय भीम.