आरोग्यविम्याचे सातत्य आणि कुटुंबाचा वृद्धापकाळ



विमा प्रतिनिधींच्या या वार्षिक अधिवेशनाचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. अध्यक्षाने व्यवसायाच्या सर्व अंगोपांगांचा परामर्श घ्यावा, अशी आपली प्रथा आहे. ती आज थोडी बाजूस ठेवून मी एकाच प्रश्नाचा विचार करणार आहे, कारण मध्यमवर्गीय घरांतून हा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला आहे आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी प्रथम आपल्यावर येते. वर्षानुवर्षे खाजगी आरोग्यविम्याचा हप्ता भरून कुटुंबाच्या पदरात अखेर पडते काय, हा तो प्रश्न.

त्याचे एक उत्तर आपणा सर्वांना मुखोद्गत आहे. आपण सांगतो की विमा ही ठेव नव्हे. ज्या वर्षी घरात कोणी आजारी पडले नाही त्या वर्षीचा हप्ता वाया गेला असे मानणे चूक आहे, कारण त्या वर्षभर कुटुंबाच्या डोक्यावर संरक्षणाचे छत्र होतेच. हे उत्तर खरे आहे, आणि आपल्या देशात त्याला विशेष अर्थ आहे. आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी नागरिकांनी थेट स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचे प्रमाण राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ साली ६४.२ टक्के होते. ते उतरत उतरत २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आले. उतार समाधानकारक असला, तरी रोगाच्या खर्चाचा एवढा मोठा हिस्सा अजूनही ज्या समाजात घरची शिल्लक, दागिने, शेताचा तुकडा किंवा नातलगांची उसनवारी यांतून भागवावा लागतो, त्या समाजात विम्याची उपयुक्तता सिद्ध करण्यासाठी वक्तृत्व खर्ची घालण्याचे कारण नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री पैशासाठी दारोदार फिरावे न लागणे, यातच हप्त्याचे मोल आहे.

पण हे उत्तर एका अटीवर पुरे आहे. छत्र तारुण्यात धरले, ते वार्धक्यातही धरता आले पाहिजे. पस्तिसाव्या वर्षी ज्याने पॉलिसी घेतली, आजार नसताना तीस वर्षे हप्ते भरले आणि नेमक्या पासष्टाव्या वर्षी, रक्तदाब, मधुमेह व गुडघेदुखी एकदमच दारात उभी राहिली असता, हप्ता झेपेना म्हणून पॉलिसी सोडली, त्याला आपण कोणत्या तोंडाने सांगणार की तुमचे पैसे वाया गेले नाहीत? माझ्या आजच्या भाषणाचा रोख या सातत्याच्या प्रश्नावर आहे. आणि या प्रश्नाचे मूळ मला आपल्या व्यवसायाच्या इतिहासातच दिसते.

विम्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यासारख्या गावी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी उभी केली. १९५६ साली आयुर्विमा राष्ट्राच्या मालकीचा झाला, तेव्हा अर्थखात्याची धुरा चिंतामणराव देशमुखांकडे होती. या आयुर्विम्याच्या कारभारात एक गोष्ट प्रारंभापासून गृहीत धरली गेली होती: मनुष्य जसजसा वयाने वाढतो, तसतशी मृत्यूची जोखीम वाढते, म्हणून हप्ता दरवर्षी वाढवीत नेला तर उतारवयात तो कोणालाच परवडणार नाही. यास्तव सर्व मुदतीचा हप्ता समान ठेवावा, तारुण्यात जोखमीपेक्षा अधिक घेतलेली रक्कम राखीव निधीत जमा करावी, आणि पुढे जोखीम हप्त्याहून मोठी झाली की त्या निधीतून तूट भरून काढावी. म्हणून तिशीत ठरलेला आयुर्विम्याचा हप्ता विमेदार साठीतही तेवढाच भरतो.

आरोग्यविमा या घरात जन्मला नाही. सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १९७३ च्या प्रारंभापासून शंभराहून अधिक कंपन्यांचा कारभार चार सरकारी कंपन्यांच्या हाती आला, आणि त्याच कंपन्यांनी १९८६ साली ‘मेडिक्लेम’ ही पॉलिसी बाजारात आणली. या कंपन्यांचा अनुभव आगीचा, समुद्रावरील मालाचा आणि मोटारींचा. गोदामाच्या विम्याचा करारनामा एका वर्षाचा असतो. वर्ष संपले की जोखमीचा नव्याने अंदाज घ्यावा, नवा दर लावावा, आणि पटेल त्याने पुढे चालू ठेवावे. हाच जाबता मनुष्यदेहाला लागू झाला. गोदाम वयपरत्वे आजारी पडत नाही, मनुष्य पडतो, हा साधा भेद त्या वेळी रचनेत उतरला नाही. आणि पुढे २००० सालापासून खाजगी कंपन्या आल्या, २००६ पासून केवळ आरोग्यविम्याचाच व्यवसाय करणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, जाहिराती वाढल्या, पॉलिसींची नावे मोहक झाली, तरी मूळ साचा बहुतांशी तोच राहिला. आजच्या अनेक दुःखांचे कारण त्या साच्यात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याचा परिणाम कसा होतो, हे आपण रोज पाहतो. कुटुंबाच्या फ्लोटर पॉलिसीचा दर सामान्यतः घरातील सर्वांत वडील व्यक्तीच्या वयावरून ठरतो. विमेदाराने वयाची एक पायरी ओलांडली की दर चढतो. त्यातच कंपनीने सबंध दरपत्रक सुधारून वाढविले, तर एकाच वर्षी दोन्ही वाढी एकत्र येतात. हिंजवडीच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या कंपनीत नोकरी करणाऱ्यास मालकाने काढलेला समूहविमा असतो. त्याच्या भरवशावर तो स्वतःची पॉलिसी घेत नाही. निवृत्तीच्या दिवशी ओळखपत्रासोबत तो विमाही परत करावा लागतो, आणि मग साठाव्या वर्षी, अंगी दोनतीन जुने विकार असताना, नव्याने अर्ज करण्याची पाळी येते. ज्याची मिळकत निवृत्तिवेतनाने वा ठेवीच्या व्याजाने बांधलेली आहे, त्याच्यावर वाढत्या हप्त्याचा भार सर्वांत जड पडतो. ज्यांना विम्याची गरज सर्वांत अधिक, तेच प्रथम बाहेर पडतात.

नियामक प्राधिकरणाने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ साली पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेण्याची मुभा मिळाली आणि जुन्या कंपनीत भोगलेला प्रतीक्षाकाल नव्या कंपनीत धरला जाऊ लागला. २०२४ साली पूर्वीच्या विकारांसाठीच्या प्रतीक्षाकालाची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली, आणि सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडविल्याच्या सबबीवर दावा नामंजूर करता येणार नाही, असे ठरले. रुग्णास घरी सोडताना कॅशलेसची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी, हाही हुकूम त्याच वर्षीचा. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठ नागरिकांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ प्राधिकरणाशी विचारविनिमय केल्याविना करू नये, असा निर्बंध आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तर व्यक्तिगत व कौटुंबिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर पूर्णतः उठला; ज्या घरचा हप्ता ४०,००० रुपये होता, त्याच्या डोक्यावरील ७,२०० रुपयांचा भार उतरला. या सर्व सुधारणांचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु दरवर्षी १० टक्के वाढणारा हप्तासुद्धा आठ वर्षांत दुपटीहून अधिक होतो, हे साधे गणित आहे. वाढीचा वेग आवरला गेला. वाढीचे कारण जागच्या जागीच आहे.

अन्यत्र काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. जर्मनीत खाजगी आरोग्यविमा कंपन्यांना विमेदाराच्या तारुण्यातील हप्त्यातून वार्धक्यासाठी राखीव निधी साठवावा लागतो. २००० सालापासून तेथे नव्या विमेदारांच्या हप्त्यावर एकविशीपासून साठाव्या वर्षापर्यंत १० टक्क्यांचा कायदेशीर अधिभार घेतला जातो आणि पासष्टीनंतर हप्ता चढू नये म्हणून तो वापरला जातो. ऑस्ट्रेलियाने दुसरा मार्ग धरला. तेथे वय पाहून खाजगी रुग्णालयीन विम्याचा दर ठरविता येत नाही. उलट जो तिशीनंतर उशिरा येतो, त्याला जुलै २००० पासून विलंबाच्या प्रत्येक वर्षासाठी २ टक्के अधिक भरावे लागतात. दोन्ही पद्धतींत उणिवा आहेत आणि दोन्ही देशांत वाढत्या हप्त्याविषयी तक्रारीही आहेत. तथापि लवकर येऊन टिकून राहणाऱ्याला त्याच्या निष्ठेचे काही फळ मिळाले पाहिजे, हे तत्त्व दोघांनीही रचनेतच रुजू केले. आपल्याकडेही, विमेदाराच्या नावे, कंपनी बदलली तरी त्याच्याबरोबर जाणारा वार्धक्यनिधी स्थापन करण्याची तजवीज करता येईल. आयुर्विम्याचे गणिती हे काम शतकाहून अधिक काळ करीत आले आहेत; त्यात अशक्य असे काही नाही.

यावर कंपन्या म्हणतील की हप्ता वाढतो तो रुग्णालयांच्या बिलांमुळे. या म्हणण्यात मोठे तथ्य आहे. विमा आहे असे समजताच बिलाचा आकडा फुगतो, ही तक्रार सार्वत्रिक आहे. आणि दरांवर कोणाचाच लगाम नसेल तर कोणताही निधी अखेर अपुरा पडेल. दर बांधता येतच नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. कोविडच्या साथीत २१ मे २०२० च्या आदेशाने महाराष्ट्र शासनाने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते आणि कृत्रिम श्वासासह अतिदक्षता कक्षाचा दर दिवसाला ९,००० रुपयांवर बांधला होता. संकटकाळी जे झाले, ते शांततेच्या काळात विचारपूर्वक, डॉक्टरांच्या रास्त मिळकतीचा मान राखून, अधिक चांगले करता येईल. कंपन्यांनीही आपला हिशेब तपासला पाहिजे. २०२३-२४ साली सरकारी कंपन्यांनी आरोग्यविम्यात हप्त्याच्या प्रत्येक शंभर रुपयांमागे दाव्यांवर शंभराहून अधिक खर्च केले. केवळ आरोग्यविम्याचा व्यवसाय करणाऱ्या खाजगी कंपन्यांत हेच प्रमाण सुमारे ६५ होते. उरलेल्या पस्तिसांचा जाब विचारण्याचा अधिकार हप्ता भरणाऱ्या कुटुंबास आहे.

आता आपल्या स्वतःच्या कर्तव्याकडे वळतो. पॉलिसी विकताना आपण विमारकमेचा आकडा मोठ्याने सांगतो आणि शर्ती हळू आवाजात. एक उदाहरण घ्या. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली आणि तो पाच दिवस राहिला. खोलीचे ३०,००० रुपये, शल्यचिकित्सक, भूल, शस्त्रक्रियागृह व शुश्रूषा यांचे १,२०,०००, औषधे व रोपण-साहित्याचे ५०,०००, असे एकूण दोन लाखांचे बिल झाले. कुटुंबाचा समज असा की खोलीच्या फरकाचे १५,००० आपण भरू, बाकी कंपनी देईल. पण प्रमाणशीर कपातीच्या कलमाने शस्त्रक्रियेशी निगडित खर्चही निम्माच मंजूर होतो. औषधे व रोपण-साहित्य तेवढे त्यातून सुटते. हाती येतात १,२५,०००, आणि तीन लाखांचा विमा असूनही ७५,००० रुपये घरातून भरावे लागतात. दोनशे रुपये हप्ता कमी पडतो म्हणून अशी पॉलिसी सुचविणाऱ्या प्रतिनिधीने त्या कुटुंबाचे हित पाहिले, असे मी मानणार नाही.

तसेच, अर्जातील आजारांचे रकाने प्रतिनिधीने स्वतः ‘नाही’ लिहून भरू नयेत. मधुमेह लपवून मिळविलेली पॉलिसी दाव्याच्या दिवशी कुटुंबावरच उलटते. समूहविम्यावर विसंबलेल्या नोकरदारास चाळिशीतच स्वतःची लहानशी का होईना, पण अखंड चालणारी पॉलिसी घ्यावयास लावावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांना खुली आहे, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील प्रत्येकास, मिळकत न पाहता, आयुष्मान भारत योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, हेही सांगावे. यातून आपला धंदा बुडेल ही भीती अनाठायी आहे. आणि दावा अन्यायाने नाकारला गेला, तर विमेदाराला विमा लोकपालाकडे जाण्याचा मार्ग दाखवावा. तेथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही. मुंबईत व पुण्यात त्याची कार्यालये आहेत. मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज दाखल झाला पाहिजे.

उद्याच्या सत्रात वार्धक्यनिधीविषयीचा ठराव आपणापुढे मांडला जाईल. तो एकमताने संमत करून प्राधिकरणाकडे आणि कंपन्यांकडे पाठवावा, अशी माझी विनंती आहे. ठरावाला फळ येईपर्यंत थांबू मात्र नका. आपापल्या दप्तरातील पंचावन्न वर्षांपुढील विमेदारांची यादी या महिन्यातच काढा. नूतनीकरणाची तारीख येण्यापूर्वी निदान दोन महिने त्यांच्या घरी जा, कारण कंपनी बदलावयाची झाल्यास अर्जाला ४५ दिवसांची मुदत लागते. खोलीभाड्याचे कलम त्यांना वाचून दाखवा. आणि हप्ता झेपत नसेल तर विमारक्कम कमी करून का होईना, पॉलिसी चालू ठेवण्याचा सल्ला द्या. एकही ज्येष्ठ विमेदार केवळ कोणी चौकशी केली नाही म्हणून या वर्षी विम्याबाहेर पडू देऊ नका.