मुळावरची वीण: बुरशी ओळखायची कशी?

आज आपण जमिनीखाली चाललोय.

पाइन, ओक, देवदार, साल या झाडांच्या बारीक मुळांच्या टोकांवर बुरशीचा मोजा चढलेला असतो. बुरशी झाडाला पाणी, नायट्रोजन, फॉस्फरस आणून देते आणि बदल्यात साखर घेते. पाइन नव्या देशांत लावले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी ही बुरशी मातीत आणेपर्यंत रोपं वाढलीच नाहीत. म्हणजे कुठल्या मुळावर कोण बसलंय, हे कळायला हवं. पण मातीत अळंबीची छत्री नसते. मग ओळखायचं कशावरून?

या मोज्याला 'मॅन्टल' म्हणतात. जाडी साधारण 20 ते 40 मायक्रोमीटर, केसाहूनही कमी. म्युनिकचे राइनहार्ड आगेरर यांनी त्याची वीण बघून प्रकार पाडले आणि 1987 पासून त्यांचा रंगीत अॅटलास भागाभागाने येत गेला.

मोठे गट दोन. पहिल्यात धागे धागे म्हणूनच दिसतात, गुंतलेले किंवा जाळीसारखे. याला प्लेक्टेन्कायमा म्हणतात. दुसऱ्यात धागे इतके फुगून एकमेकांना चिकटतात की पेव्हर ब्लॉक बसवल्यासारखं दिसतं. हा स्यूडोपॅरेन्कायमा. प्रत्येक प्रकाराला एक इंग्रजी अक्षर. सेनोकॉकम नावाच्या काळ्या बुरशीत तर चांदण्यांसारखी नक्षी असते, ती लगेच ओळखू येते.

मी कोड लिहिणारा माणूस. अक्षरं ठरलेली आहेत म्हटल्यावर पहिला विचार येतो: फोटो काढा, मॉडेल ट्रेन करा, संपलं! पण इथे थांबा. एकाच मॅन्टलची बाहेरची बाजू एक नक्षी दाखवते आणि आतली भलतीच. म्हणून जाणकार लोक चिमट्याने मॅन्टल सोलतात. एक तुकडा बाहेरची बाजू वर करून, दुसरा आतली बाजू वर करून स्लाइडवर ठेवतात. मग फोकस हळूहळू फिरवत थर बघतात. त्यामुळे कुठला थर, कुठली बाजू हे न लिहिता फोटोला नुसतं अक्षर चिकटवलं, तर तो डेटा कचराच. आणि निसर्ग चौकटीत बसत नाही. दोन्ही गटांच्या मधलं रूपही असतं, आणि आगेरर यांनी त्यालासुद्धा वेगळं अक्षर दिलंय.

तुम्ही म्हणाल, डीएनए तपासा ना! तपासतातच. नाव त्यातून चांगलं कळतं. पण मॅन्टल गुळगुळीत आहे की त्यातून दोरखंडासारखे धागे निघून मातीत लांब जातात, हे डोळ्यांनीच बघावं लागतं. बुरशी झाडासाठी किती दूरवरून सामान आणू शकते, याचा अंदाज त्यावरूनच येतो.

थोडक्यात, डीएनए सांगतो बुरशी कोण आहे. वीण सांगते ती राहते कशी. मॉडेल जरूर बनवा, पण आधी कुणीतरी चिमटा हातात घेऊन मूळ सोललेलं असू द्या.