हरवलेल्या मुलीची बातमी आणि आपण

(एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला ‘वृत्तपत्रे आणि समाजमन’ असा विषय दिला आहे. तो एवढा विस्तीर्ण आहे की तासाभरात त्याचा काठही हाती लागणार नाही. म्हणून त्यातला एक लहानसा भाग मी निवडला आहे. परदेशी सहलीला गेलेली एक कोवळी मुलगी नाहीशी होते, ही बातमी घरोघर पोहोचते, तेव्हा समाज म्हणून आपण काय करतो? तिच्यासाठी रडतो, तिच्या आईवडिलांना दोष देतो, की चहाबरोबर ती बातमी संपवून उठतो?

अरुबा हे नाव आपल्यापैकी अनेकांनी प्रथम २००५ साली ऐकले असेल. कॅरिबियन समुद्रात, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळ असलेले हे छोटे बेट नेदरलँड्सच्या राजसत्तेचा स्वायत्त भाग आहे. लोकसंख्या लाखाच्या आसपास आणि उपजीविका प्रामुख्याने पर्यटनावर. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या माउंटन ब्रूक या सुखवस्तू गावातील सव्वाशेच्या आसपास मुलेमुली शालान्त शिक्षण पूर्ण झाल्याच्या आनंदात तेथे सहलीला गेली होती. त्यांच्यात नॅटली हॉलोवे नावाची १८ वर्षांची मुलगी होती. ३० मे २००५ च्या पहाटे ती राजधानी ओरान्येस्टाड येथील एका उपाहारगृहाबाहेर काही स्थानिक तरुणांसोबत मोटारीत बसताना शेवटची दिसली. त्याच दिवशी परतीचे विमान होते. तिचे सामान आणि पारपत्र हॉटेलच्या खोलीत होते, ती मात्र आलीच नाही. वार्ता कळताच तिची आई तातडीने अरुबात दाखल झाली.

पुढे जे घडले त्याचा पहिला भाग मन भरून यावे असा आहे. अरुबाच्या सरकारने आपल्या हजारो कर्मचाऱ्यांना शोधकार्यासाठी एक दिवस सुट्टी दिली. परक्या देशातल्या, न पाहिलेल्या मुलीसाठी त्या बेटावरची माणसे उन्हातान्हात काटेरी माळ तुडवत फिरली. डच नौसैनिक आले, तीन एफ-१६ विमानांनी वरून पाहणी केली, अमेरिकेहून स्वयंसेवक आले. तिकडे माउंटन ब्रूकमध्ये झाडांना पिवळ्या फिती बांधल्या गेल्या, प्रार्थना झाल्या. माणसाच्या अंतःकरणात दुसऱ्याच्या लेकराविषयी माया असते आणि ती देश, वंश, भाषा पाहत नाही, याचा हा पुरावा होता.

मात्र मायेबरोबर आणखी एक गोष्ट जागी होते, ती म्हणजे कुतूहल. अमेरिकेतील वृत्तवाहिन्यांनी ही बातमी रात्रीमागून रात्र चालवली. फॉक्स न्यूजवरील ग्रेटा व्हॅन सस्टेरन यांच्या कार्यक्रमाची प्रेक्षकसंख्या या एका प्रकरणाने वाढली. सांगण्यासारखे नवे काही नसले तरी तज्ज्ञ बसवले जात, तर्क लढवले जात. लोकांना उत्तर हवे होते आणि तेही लगेच. जून महिन्याच्या आरंभी दोन माणसांना अटक झाली. दोघेही कृष्णवर्णीय, पूर्वी एका हॉटेलात सुरक्षारक्षक होते. काही दिवसांनी त्यांना सोडून द्यावे लागले, त्यांचा या प्रकरणाशी संबंध नव्हता. मधल्या काळात जगाने त्यांच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना करा. त्यांच्यासाठी कोणी फिती बांधल्या नाहीत.

संशयाची सुई मग योरान व्हान डेर स्लूट या १७ वर्षांच्या डच तरुणावर स्थिरावली. त्याचे वडील कायद्याच्या क्षेत्रातले, न्यायाधीशपदाचे प्रशिक्षण घेणारे. त्यामुळे मुलाला पाठीशी घातले जात आहे, अशी अमेरिकनांची भावना झाली. पुराव्याअभावी संशयित सुटले की संताप उसळे. नोव्हेंबर २००५ मध्ये अलाबामाचे राज्यपाल बॉब रायली यांनी अरुबावर पर्यटनबहिष्काराचे आवाहन केले. ज्यांनी काम सोडून मुलीला शोधले, त्यांच्याच पोटावर पाय देण्याची ही हाक होती. एका माणसावरचा संशय एका संपूर्ण बेटावर उतरायला सहा महिनेही लागले नाहीत.

याच सुमारास अमेरिकेतील विचारी मंडळींनी आपल्या समाजाला एक बोचरा प्रश्न विचारला. त्याच वर्षी जुलैत फिलाडेल्फिया शहरातून २४ वर्षांची एक गर्भवती तरुणी नाहीशी झाली. तिला गोरा वर्ण आणि श्रीमंत गाव लाभले नव्हते. तिची बातमी राष्ट्रीय वाहिन्यांवर यावी यासाठी लोकांना अक्षरशः मोहीम उघडावी लागली. ऑगस्टमध्ये तिचा मृतदेह सापडला. गोऱ्या, देखण्या, सुखवस्तू मुली हरवल्या तरच माध्यमांना पाझर फुटतो, या दोषाला तेथे एक नावही मिळाले होते आणि ते ग्वेन आयफिल या ज्येष्ठ कृष्णवर्णीय महिला पत्रकाराच्या नावाशी जोडले जाते. ऑगस्ट २००५ च्या अखेरीस कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवले आणि कॅमेरे तिकडे वळले.

हे ऐकताना ‘तिकडचे लोक असेच’ असे आपल्या मनात येत असेल, तर मला एक कबुली द्यायची आहे. जून २००५ मध्ये मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत रात्रपाळीला उपसंपादक होतो. एका रात्री वृत्तसंस्थेकडून अरुबाची बातमी आणि हसऱ्या मुलीचे छायाचित्र आले. मी ती तीन स्तंभांत, छायाचित्रासह लावली. त्याच रात्री तालुक्याच्या वार्ताहराने चार ओळी पाठवल्या होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी गेलेली एका गवंड्याची १६ वर्षांची मुलगी परत येताना बसस्थानकावरून बेपत्ता झाली होती. पान भरत आले होते, एक जाहिरात उशिरा आली आणि मी त्या चार ओळी काढून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी तो गवंडी कचेरीत आला. अंगावरचे कपडे प्रवासाने मळलेले, हातात मुलीच्या शाळेच्या ओळखपत्रावरचे छायाचित्र. म्हणाला, “साहेब, पोलीस म्हणत्यात, आपल्या मनानं गेली असंल. तुम्ही एवढा फोटो छापा.” माझ्या टेबलावर त्या दिवशीचा अंक उघडा होता आणि त्यात अरुबाचीच बातमी होती. त्याने त्या परदेशी मुलीच्या चित्राकडे पाहिले आणि विचारले, “हीबी हरवली का?” मी मान हलवली. तो म्हणाला, “लई वाईट झालं.”

बंधू-भगिनींनो, ज्याचे स्वतःचे काळीज फाटले होते त्याला परक्या मुलीसाठी वाईट वाटले आणि माझ्यासारख्या पदवीधराला त्याच्या मुलीसाठी चार ओळींची जागा सापडली नव्हती. छायाचित्र आम्ही आठ दिवसांनी आतल्या पानावर छापले. त्यानंतर मी पुन्हा कधी चौकशी केली नाही. वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी “लई वाईट झालं” हे शब्द माझ्या कानांतून गेलेले नाहीत.

आपल्या परीक्षेचा आणखी एक प्रसंग आपल्याच शेजारी, गोव्यात, आला. तेथे परदेश म्हणजे आपला देश होता. फेब्रुवारी २००८ मध्ये इंग्लंडहून कुटुंबासह आलेल्या १५ वर्षांच्या एका मुलीचा मृतदेह हणजुणच्या समुद्रकिनाऱ्यावर सापडला. अशा बालिकेचे नाव उच्चारणे योग्य नाही, म्हणून मी ते घेत नाही. पोलिसांनी आरंभी बुडून मृत्यू झाल्याचे सांगितले. आईने ते मान्य केले नाही आणि दुसऱ्या शवविच्छेदनात अंगावरच्या जखमा समोर आल्या. पण आपली चर्चा कशावर रंगली? आई मुलीला गोव्यात ठेवून गोकर्णला गेलीच कशी, या प्रश्नावर. तिने चूक केली असेलही. परंतु आईची चूक हे गुन्हेगाराचे समर्थन होऊ शकत नाही. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान आपण जरूर बाळगावा, पण तो दुसऱ्याच्या मुलीच्या चितेजवळ उभे राहून मिरवण्याचा नसतो. अरुबात अमेरिकन लोक बेटाला दोष देत होते, येथे आपण आईला देत होतो. दोन्हीकडे मुलगी बाजूलाच राहिली. २०१६ साली बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांपैकी एकाला दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा दिली. अकरा वर्षे ती आई लढत राहिली.

आणि निठारी आठवा. दिल्लीच्या शेजारी नोएडातील या वस्तीतून मुले नाहीशी होत होती. गरीब आईबाप पोलीस चौकीचे उंबरे झिजवत होते आणि त्यांना वाटेला लावले जात होते. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यात सांगाडे सापडले तेव्हा देश हादरला. हादरण्याआधी ऐकून घेतले असते तर? पुढे मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बालक बेपत्ता झाल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे आणि अपहरण वा तस्करीची शक्यता गृहीत धरून तपास केला पाहिजे. ‘चोवीस तास थांबा, येईल परत’ असा कोणताही नियम कायद्यात नाही. ही एवढी माहिती प्रत्येक घरात असली पाहिजे, कारण पहिल्या काही तासांना मोल असते.

अरुबाच्या कथेचा शेवटही सांगितला पाहिजे. २०१० साली व्हान डेर स्लूटने नॅटलीचे अवशेष दाखवतो असे सांगून तिच्या आईकडून २५ हजार डॉलर उकळले आणि खोटी माहिती दिली. त्याच वर्षी ३० मे रोजी, बरोबर पाच वर्षांनी, पेरूची राजधानी लिमा येथे त्याने एका २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा खून केला. त्याबद्दल २०१२ साली त्याला २८ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी जानेवारीत अलाबामाच्या न्यायालयाने नॅटलीला कायदेशीररीत्या मृत घोषित केले. २०२३ साली पेरूने त्याला अमेरिकेच्या ताब्यात दिले. ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या न्यायालयात त्याने पैसे उकळल्याचा गुन्हा मान्य केला आणि त्या ओघात, नकार देणाऱ्या त्या मुलीला आपण समुद्रकिनारी मारले, अशी कबुली दिली. खुनाचा खटला मात्र उभा राहिला नाही; अरुबाच्या कायद्यातील मुदत उलटून गेली होती. देह आजतागायत सापडलेला नाही.

ती कबुली ऐकायला अठरा वर्षांनंतर आई तेथे होती. त्या अठरा वर्षांत कोट्यवधी प्रेक्षक आले आणि गेले. ज्यांनी तज्ज्ञासारखे तर्क लढवले, ज्यांनी बहिष्काराच्या गर्जना केल्या, ते दुसऱ्या बातमीकडे वळले. मधल्या काळात त्या आईने आपल्या मुलीच्या नावाने वॉशिंग्टनमध्ये केंद्र उभारले, बेपत्ता माणसांच्या कुटुंबांना मदत व्हावी म्हणून. दुःखाचा उपयोग दुसऱ्याचे दुःख हलके करण्यासाठी करता येतो, हे तिने दाखवले.

हळहळ ही भावना आहे. जबाबदारी हे व्रत आहे. हळहळीला छायाचित्र लागते, जबाबदारीला लागत नाही. आता प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे आणि प्रत्येक जण लहानसा संपादक झाला आहे. हरवलेल्या मुलाचे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी ते खरे आहे का, मूल सापडले तर नाही ना, हे पाहणे आता तुमच्याही हाती आहे. मुलीच्या चारित्र्यावर वा आईच्या संस्कारांवर शेरा मारण्याचा मोह आवरणे हेही तुमच्या हाती आहे. आणि वस्तीतल्या एखाद्या कष्टकऱ्याचे मूल हरवले, तर त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार नोंदवली जाईपर्यंत तेथे बसून राहणे, याहून मोठी समाजसेवा मला माहीत नाही. आपल्यासारखा शिकलेला माणूस शेजारी उभा असला की तक्रार लिहून घेतली जाते, हे कटू असले तरी सत्य आहे.

त्या गवंड्याबरोबर त्या दिवशी कोणीही उभे नव्हते. मी राहू शकलो असतो. माझी खुर्ची आणि त्याची जागा यांत चार पावलांचे अंतर होते. तुमच्यासमोर असा प्रसंग आला तर ती चार पावले टाका, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.