नामांतर ते नामविस्तार : साडेपंधरा वर्षांचा वाद

(कार्यकर्ता अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित भाग)



समाजातील काही वाद एका बैठकीत मिटत नाहीत; ते पिढीभर चालतात. अशा काळात कार्यकर्त्याने काय करावे, याचा विचार करताना मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराकडे पाहावे लागते. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव प्रत्यक्ष लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षे मराठवाडा धुमसत होता.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले; तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. शिक्षणाला पारखी झालेली मुले तेथे पदवीपर्यंत पोहोचली. त्यांच्या दृष्टीने नामांतर म्हणजे ऋणाची जाहीर कबुली होती. दुसरीकडे, १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या जोखडातून सुटलेल्या प्रदेशाला १९५८ मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळाले होते आणि 'मराठवाडा' या शब्दात त्या लढ्याची स्मृती होती. विरोध करणाऱ्यांत मुक्तिसंग्रामात झुंजलेली माणसेही होती. त्या सर्वांना जातीयवादी ठरविणे सोपे होते, न्याय्य नव्हते.

मात्र एवढेच सांगून थांबणे हे अर्धसत्य ठरेल. ठरावानंतर गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. ज्यांचे छप्पर जळले, त्यांतील कित्येकांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती. नावाच्या आडून जुनाच राग बाहेर पडत होता. जमिनीचा, मजुरीचा, कालपर्यंत वाकून चालणारा आज ताठ चालतो याचा. वाद दोन होते आणि मध्यस्थाला ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. शब्दाविषयी तडजोड होऊ शकते, जाळपोळीविषयी नाही. जळलेल्या घरापुढे उभे राहून 'दोघांनीही समजुतीने घ्यावे' असे सांगणाऱ्यावर कोणी पुन्हा विश्वास ठेवत नाही. हिंदू ऐक्याची भाषा बोलणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा त्या वस्त्यांत गेले, हा प्रश्नही टाळण्याजोगा नाही.

१४ एप्रिल १९८३ रोजी वर्षप्रतिपदा आणि आंबेडकर जयंती एकाच दिवशी आली. त्या दिवशी पुण्यात सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. मंचाने नामांतराच्या बाजूने भूमिका घेतली आणि ती आधी स्वकीयांनाच पटवावी लागली. विरोधकाशी वाद घालणे त्या मानाने हलके. घरच्या माणसाचे मन वळविताना वर्षे जातात.

अखेर तोडगा निघाला तो जुना शब्द न पुसता. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळे विद्यापीठ स्थापन झाले. 'मराठवाडा' हा शब्द तेथेही राहिला. पूर्ण समाधान कोणाचेच झाले नाही. पण मान खाली न घालता ते नाव उच्चारणे दोघांनाही शक्य झाले.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी अभिवादनासाठी मोठी गर्दी लोटते. संक्रांतही त्याच सुमारास येते. तिळगूळ घेऊन गावाच्या त्या टोकाच्या वस्तीत किती घरांतून कोणी जाते, याची मोजदाद प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरती करून पाहावी.