विजेचे अंतर

मराठी भाषेने उन्हाळ्यातल्या पावसाला स्वतंत्र नाव दिले आहे. मोसमी पाऊस ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या सुमारास येतो. वळीव मात्र येणार की नाही, हे दुपारचे चार वाजेपर्यंत कोणी सांगू शकत नाही. आणि आला तर गावातल्या एका आळीला झोडपून दुसरीला कोरडीच ठेवून जातो. ज्याचा भरवसा नाही त्याची वाट पाहण्यात एक निराळी गोडी असते. वळवाच्या मेघांची आणि विजांची रीतसर नोंद ठेवण्याचा छंद या गोडीतूनच उपजतो. तिकिटे वा जुनी नाणी जमविणारे पुष्कळ आढळतात. मेघ आणि विजा टिपणारे थोडे. वस्तुतः याइतका स्वस्त छंद दुसरा नसेल. एक घड्याळ, एक वही आणि क्षितिज दिसेल अशी जागा, एवढे साहित्य त्याला पुरते.

अशी जागा छत्तीसगडच्या मैदानात दुर्मीळ नाही. भिलाईच्या मोहन नगरातील एखाद्या घराची गच्ची घ्यावी. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीचा हा भातखाचरांचा सपाट मुलूख. जवळपास डोंगर नाही, त्यामुळे नजर अडत नाही. पश्चिमेला शिवनाथ नदी आणि तिच्यापलीकडे राजनांदगाव, पूर्वेला सुमारे ३० किलोमीटरांवर रायपूर, दक्षिणेला दूर दल्ली-राजहराच्या लोहखनिजाच्या टेकड्या. मराठी माणसाला हा प्रदेश परका नाही. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरास राहून येथला कारभार पाहत, आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याची राजधानी नागपूरच होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून जी कुटुंबे येथे आली, त्यांत मराठी कुटुंबेही होती. वळीव त्यांच्या ओळखीचा होताच. येथे त्याला ‘गर्रा’ आणि त्यातून कोसळणाऱ्या विजेला ‘गाज’ म्हणतात, एवढे नवे शिकावे लागले.

कालिदासाच्या यक्षाने ज्या रामगिरीवरून मेघाला पाठविले तो नागपूरजवळचा रामटेक की सरगुजातला रामगड, हा वाद जुना आहे. महामहोपाध्याय मिराशी यांनी रामटेकचा पक्ष मांडला. भिलाई या दोन दावेदारांच्या मधोमध पडते, तेव्हा तिने तटस्थ राहणेच बरे. तथापि एक गोष्ट निश्चित: तो मेघ आषाढातला होता. वैशाखातल्या मेघाच्या हाती कोणी निरोप देऊ नये. दोन तासांत त्याचा जन्म, ऐन उमेद आणि अंत सारे आटोपते. अलकानगरी तर दूरच, तो रायपूरला पोहोचला तरी पुष्कळ झाले.

या दोन तासांच्या आयुष्याचे निरीक्षण हाच छंदाचा गाभा होय. दुपारी पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असतो. बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा खाली पसरलेली असते, तर तिच्यावर वायव्येकडची कोरडी हवा. तापलेली हवा उसळून वर जाऊ लागली की आधी कापसाच्या पिंजलेल्या पुंजक्यांसारखे ढग दिसतात. त्यांतले बहुतेक विरून जातात. अनुभवी निरीक्षक त्यांच्याकडे पाहतो ते एकाच गोष्टीसाठी: कडा रेखीव आहेत की विसविशीत? फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी घट्ट, ठसठशीत कडा ज्या ढगाला आली तो वाढत आहे. असा ढग पंधरा किलोमीटर वा त्याहूनही उंच चढतो, आणि तेथे अडल्यावर त्याचा माथा पसरून लोहाराच्या ऐरणीचा आकार घेतो. पोलादाच्या गावावर ऐरण उभी राहावी, हा निसर्गाचा विनोदच म्हणावयाचा! त्या उंचीवर वारे पश्चिमेचे असल्यामुळे ऐरणीचे टोक सामान्यतः पूर्वेकडे लांबते आणि वादळेही बहुधा पश्चिम किंवा वायव्य दिशेने चालून येतात. म्हणून मोहन नगरातल्या निरीक्षकाची खुर्ची राजनांदगावच्या दिशेला तोंड करून असावी.

मेघाच्या पोटात काय चालते, हे शास्त्रज्ञांना बरेचसे उलगडले आहे, सारे नाही. गोठणबिंदूच्या वर, मऊ गारांचे जड कण आणि बर्फाचे हलके स्फटिक एकमेकांवर आपटतात. या घर्षणात स्फटिक धनभारित होऊन वर उचलले जातात व जड कण ऋणभार घेऊन खाली राहतात. भार साठत जातो आणि शेवटी हवेचा अडसर मोडतो. खाली येणारी वीज एका झेपेत येत नाही. सुमारे पन्नास-पन्नास मीटरांच्या टप्प्यांनी, चाचपडत उतरते. ती जमिनीजवळ आली की झाडाच्या शेंड्यावरून, घराच्या कोपऱ्यावरून वा माणसाच्या डोक्यावरूनही एक ठिणगी तिच्या भेटीस वर निघते. दोघींची गाठ पडली की जो लखलखाट होतो तोच आपल्याला दिसतो. त्या वाटेवरली हवा क्षणार्धात ३०,००० अंश सेल्सिअसच्या घरात तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे पाचपट, आणि फुटल्यासारखी फाकते. गडगडाट तो हाच.

प्रकाश तत्काळ पोहोचतो. ध्वनीला एक किलोमीटर चालावयास जवळजवळ तीन सेकंद लागतात. या छंदातले सर्व गणित एवढेच. वीज चमकली की घड्याळ पाहावयाचे, गडगडाट ऐकू आला की पुन्हा पाहावयाचे आणि सेकंदांना तीनाने भागावयाचे. पंचेचाळीस सेकंद आले तर पंधरा किलोमीटर. पुढच्या विजेला छत्तीस, तिच्या पुढच्या विजेला तीस. वहीत आकडे एकाखाली एक उतरत जातात आणि वादळ कोणत्या गतीने येत आहे हे कागदावर दिसू लागते. हवामानशास्त्रात ‘गडगडाटाचा दिवस’ मोजतात तोही कानाने, डोळ्याने नव्हे. रात्री शंभर किलोमीटरांवरची वीज दिसू शकते. गडगडाट मात्र साधारणतः पंधरा-वीस किलोमीटरांपलीकडून ऐकू येत नाही. तो ऐकू आला तरच त्या गावी वादळ झाले असे धरतात.

कानाला आणखी एक साधन आहे, आणि त्याचा उल्लेख नभोवाणीवरील भाषणात झालाच पाहिजे. मध्यम लहरींवरचे स्थानक लावलेले असताना मधूनच जी खरखर उठते आणि श्रोत्यांना वैताग देते, ती अनेकदा दूरच्या विजेची असते. १७५३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे रिखमान नावाचा शास्त्रज्ञ आपल्या घरी बसविलेल्या यंत्राने वादळातली वीज मोजू पाहत असता विजेने मृत्यू पावला. त्याच नगरात ७ मे १८९५ रोजी अलेक्सांद्र पोपोव्ह याने विद्युत्लहरी टिपणारे उपकरण विद्वानांपुढे ठेवले. मैलोगणती दूरच्या विजांची वर्दी ते घरबसल्या देऊ लागले. जे काम करताना पहिल्याचा प्राण गेला ते दुसऱ्याने सुरक्षित अंतरावरून साधले. भिलाईचा कारखाना रशियाच्या साह्याने उभा राहिला हे सर्वांना ठाऊक असते. पोपोव्हचा तो साधा शोध जुन्या रेडिओच्या रूपाने तेथल्या घराघरांत होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

हौशी माणसांच्या नोंदींना किंमत असते का? इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड येथे मॉरिस बाउअर या गृहस्थाने १९२४ साली वादळांची शिरगणती आरंभिली. देशभरचे स्वयंसेवक आपापल्या गावी वादळ केव्हा आले, कोठून आले, हे त्याला कळवीत. तो ते सारे नकाशावर मांडून ‘उन्हाळी वादळे’ या नावाने अहवाल काढी. अमेरिकेत १९५६ पासून डेव्हिड होडले हा तरुण मोटार घेऊन वादळांच्या मागे हिंडू लागला; तेथे पुढे या पाठलागाचे वेडच पसरले. भिलाईकराने त्याचे अनुकरण करू नये. राष्ट्रीय महामार्गावर अवजड ट्रकांच्या रांगेत, डोळे आकाशाकडे लावून मोटार हाकणे ही विजेपेक्षा अधिक खात्रीची आपत्ती आहे. बाउअरची खुर्ची बरी.

मात्र खुर्चीचीही एक वेळ असते, आणि येथे या छंदाची खरी कसोटी लागते. वादळ जसजसे जवळ येते तसतसे ते देखणे होते. धुळीची भिंत, एकाएकी थंड झालेला वारा, मग टपोरे थेंब, आणि मेघाच्या काळ्या तळातून सरळ शिवनाथेकडे झेपावणारी वीज; याच घटकेची वाट सकाळपासून पाहिलेली असते आणि याच घटकेला खाली उतरावे लागते. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला की उघड्यावरून उठावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नये, असा सर्वत्र मान्य झालेला नियम आहे. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. डोक्यावर एक थेंब पडलेला नसतो, ऊनही असते, आणि तरीही तेवढ्या अंतरावरून वीज तिरपी येऊन पडू शकते. गच्ची ही तर त्या भागातली उंच जागा. तेथे उभा असलेला माणूस विजेला स्वतःहून सामोरा जातो.

ज्यांना हे अंतर मोजावयास कोणी शिकविले नाही त्यांची संख्या सरकारी कागदांत आढळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात २,८८७ माणसे वीज पडून मेली. त्या वर्षी नैसर्गिक कारणांनी झालेल्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. छत्तीसगडच्या महसूल पुस्तक परिपत्रकानुसार मृताच्या वारसांना ४ लाख रुपयांचे साह्य मिळते. साह्य योग्यच आहे. पण परिपत्रक मृत्यूनंतर उघडले जाते. शेतातला माणूस पहिला थेंब पडेपर्यंत काम करतो आणि मग जवळच्या महुव्याखाली धावतो. झाडावर पडलेली वीज मुळांशेजारच्या जमिनीतून पसरते. दोन पावलांमध्ये जितके अंतर अधिक, तितका धक्का अधिक. म्हणूनच झाडाखाली बांधलेली गुरे एकदम दगावतात.

पायाळू माणसावर वीज पडते, अशी आपल्याकडे समजूत आहे. कोण कसा जन्मला याची वार्ता मेघाला नसते. परंतु या समजुतीने एक काम केले. आभाळ गरजू लागले की आई पायाळू मुलाला घरात ओढून घेई, आणि ते मूल वाचे. दुर्दैव एवढेच, की बाकीची भावंडे अंगणात राहत.

आता यंत्रे आली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने देशभर ऐंशीहून अधिक संवेदक बसवून विजेचे ठिकाण निश्चित करणारे जाळे उभारले, आणि ‘दामिनी’ या नावाने ती माहिती भ्रमणध्वनीवर उपलब्ध केली. २० आणि ४० किलोमीटरांच्या परिघात वीज पडत असेल तर इशारा मिळतो. मग वहीचे काय? दामिनीच्या नकाशावर वीज हा एक ठिपका असतो. मोबाइल खिशात असूनही माणूस महुव्याखाली जातो, कारण त्या ठिपक्याशी त्याची ओळख नसते. ज्याने दहा उन्हाळे सेकंद मोजले आहेत त्याला इशारा वाचताच त्याचा अर्थ अंगात उमगतो. आणि तो आपल्या घरच्यांना व शेजाऱ्यांनाही आत बोलावतो.

रोहिणी सरून मृग लागला की वहीची पाने विरळ भरू लागतात. जूनच्या मध्यास मोसमी पाऊस येथे पोहोचतो. आकाशभर राखी थर पसरतो, ऐरणी त्यात दडून जातात आणि कडा पाहून वादळ ओळखणे कठीण होते. विजा थांबत नाहीत. उलट, रोपणीच्या दिवसांत शेते माणसांनी भरलेली असताना त्या अधिकच घातक ठरतात, आणि तेव्हा डोळ्यांपेक्षा कानच उपयोगी पडतो. उन्हाळ्याच्या अखेरच्या नोंदी बहुधा रात्रीच्या असतात. पूर्वेकडे, रायपूरच्याही पलीकडे, महानदीच्या बाजूला क्षितिजाशी उजेड फडफडतो, मध्यम लहरींवर खरखर होते. मोहन नगरात मात्र आवाज नाही. वहीत तेवढेच लिहिले जाते: वेळ, दिशा, आणि ‘गडगडाट नाही’.