अम्मीच्या फोटोवरचे पट्टे

एका कवीनं कॅमेऱ्याच्या बिघाडावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण तो बिघाड माझ्या अम्मीच्या चेहऱ्यावर उमटला होता.

तिच्या शेवटच्या रमजानातली संध्याकाळ. मगरिबची नमाज पढून ती दुआ मागत होती. खटक्याचा आवाज होऊ नये म्हणून मी कॅमेरा मूक अशा इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला आणि १/२५० सेकंदात फोटो टिपला. संगणकावर पाहतो तर चेहऱ्यावर, ओढणीवर काळपट आडवे पट्टे!

आधी पडद्यावर संशय घेतला. रॉ फाइल दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. पट्टे तिथंही होतेच. मग खिडकीच्या उजेडात फोटो काढला, तो स्वच्छ आला. त्याच एलईडी दिव्याखाली साध्या शटरनं १/१०० वर काढला, तोही स्वच्छ. पुन्हा मूक शटर, १/२५०, आणि पट्टे हजर. चोर सापडला.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे अनेक स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही. मूक शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ क्रमानं वाचतो. काही ओळींच्या वाट्याला प्रखर क्षण येतो, काहींच्या मंद. १/१०० सेकंद ठेवलं तर प्रत्येक ओळीला पूर्ण चढउतार मिळतो आणि पट्टे मिटतात.

सगळेच पट्टे असे नसतात. अंधारा भाग संगणकावर फार उजळला की सेन्सरच्या विद्युत गोंगाटाच्या बारीक रेघा दिसतात. तिथं टिपतानाच जास्त प्रकाश द्यावा. आकाशात पायऱ्या पडतात त्या छटा कमी पडल्यानं. ८ बिटच्या जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. तिथं रॉ तारून नेते. दिव्याच्या पट्ट्यांपुढे मात्र तीही हतबल. ते टिपतानाच नोंदले जातात.

अम्मी गेल्यावर मी एकेक पट्टा हातानं उजळत बसलो. बरेच पुसट झाले, कपाळावरचा एक राहिलाच. मूळ फाइलही जपून ठेवली आहे.

तेव्हा घरातल्या थोरामोठ्यांचा फोटो काढणार असाल, तर आधी त्या दिव्याखाली एक काढा, मोठा करून पाहा. मग त्यांना हाक मारा.