मण्याच्या पोटातली नक्षी

श्रोतेहो, अळूवडी तुम्ही सगळ्यांनीच खाल्ली असेल. पानावर पीठ लावायचं, त्यावर दुसरं पान, पुन्हा पीठ. मग घट्ट उंडा वळून वाफवायचा आणि सुरीनं चकत्या पाडायच्या. प्रत्येक चकतीवर तीच वेटोळी. ही वेटोळी कोणी रंगवलेली नसते. उंड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती आतूनच गेलेली असते. सुरी ती फक्त उघडी करते. आज ज्या मण्यांविषयी मला बोलायचं आहे, त्यांची सगळी विद्या या अळूवडीत आहे.

हे मणी ज्या मातीचे करतात, तिला बाजारात पॉलिमर क्ले म्हणतात. नावात माती असली तरी ही शेतातली माती नव्हे. पीव्हीसीचे पाइप ज्या प्लास्टिकचे असतात, त्याची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं द्रव्य आणि रंग, एवढंच तिच्यात असतं. ती कणकेसारखी मळता येते आणि बेताच्या उष्णतेवर भाजली की घट्ट होते. जर्मनीत बाहुल्या बनवणाऱ्या फिफी रेबिंडर या बाईंनी अशी माती तयार केली आणि १९६४ च्या सुमारास ती एका कारखान्याकडे गेली. चकत्या पाडून नक्षी करण्याची युक्ती मात्र फार जुनी. इटलीतल्या व्हेनिसचे कारागीर रंगीत काचेच्या कांड्या एकत्र वितळवून, ओढून, त्यांचे तुकडे करीत आणि त्या कामाला ‘हजार फुलं’ अशा अर्थाचं नाव देत.

गेल्या उन्हाळ्यात शिरूर तालुक्यातल्या निमोणे गावी एका स्नेह्यांच्या पडवीत आठ-दहा मुलं आणि दोन शिक्षक जमवून आम्ही हे मणी केले. कृती सांगतो. माती हातात पाच-दहा मिनिटं चांगली मळावी, म्हणजे वळताना तिला चिरा पडत नाहीत. दोन रंगांच्या दोन पोळ्या लाटाव्यात. लाटणं आणि पाट या कामासाठी वेगळे ठेवावेत. ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. पोळीवर पोळी ठेवून घट्ट वळावं. मग हा उंडा मधोमध धरून हळूहळू दोन्ही टोकांकडे दाबत न्यावा. तो लांब आणि बारीक होतो, आतली नक्षीही तशीच बारीक होते, पण मोडत नाही. उंडा थंड जागी थोडा वेळ राहू द्यावा आणि पातळ धारेच्या पात्यानं चकत्या कापाव्यात. दर कापाला उंडा जरासा फिरवावा, म्हणजे तो एका बाजूनं चपटत नाही. साध्या मातीची गोळी करून तिच्यावर चकत्या चिकटवाव्यात, तळहातांत फिरवून सांधे मिटवावेत आणि दाभणानं भोक पाडावं.

एका मुलाला घाई झाली. त्यानं उंडा सावकाश दाबण्याऐवजी मुठीत कुस्करला. सगळे रंग एकात एक मिसळून मळकट तपकिरी गोळा झाला. “सर, रंग कुठं गेलं?” त्यानं विचारलं. रंग तिथंच होते, सगळेच्या सगळे. त्यांची जागा गेली होती. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं त्याचं काम आहे.

दुसरी चूक माझी. विजेच्या छोट्या ओव्हनच्या काट्यावर मी विश्वास ठेवला. पहिले मणी काळे पडले आणि उग्र धूर झाला. मुलांना घेऊन आम्ही अंगणात आलो. म्हणून बजावून सांगतो: पुड्यावर दिलेलं तापमान पाळावं. ते बहुधा ११० ते १३० अंश सेल्सिअस असतं आणि वेळ सुमारे अर्धा तास. ओव्हनमध्ये वेगळा तापमापक ठेवावा. फार तापलं तर या प्लास्टिकमधून हायड्रोक्लोरिक आम्लाची घातक वाफ निघते. चुलीवर किंवा जाळावर हे मणी कधीही भाजू नयेत.

ज्यांच्याकडे ओव्हन नाही, त्यांनी शाडू घ्यावी. निम्म्या शाडूत गेरू कालवावा, म्हणजे दोन रंग झाले. बाकी कृती तीच. मणी सावलीत सावकाश वाळवावेत आणि पाण्यापासून जपावेत. फार टिकणार नाहीत, पण हात बसेल आणि खर्च जवळजवळ नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. काम संपत आलं तेव्हा सातवीतली एक मुलगी मूठ झाकून माझ्याजवळ आली. “सर, ह्यो मणी बघा. मामाच्या गावाला गावला.” मणी भाजक्या मातीचा होता, सुपारीच्या आकाराचा, भोक अगदी मधोमध. “कुठं गावला?” तर मामा धाब्यावर टाकायला पांढरीची माती आणत होते, त्या ढिगात. “मंग सर, ह्यो कवाचा असंल?”

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पण मला उत्तर देता येईना. असा मणी दोन-तीन हजार वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि कोणाच्या पणजोबांच्या बैलाच्या गळ्यातलाही असू शकतो. तो कोणत्या थरात होता, त्याच्याशेजारी काय होतं, हे कुदळीबरोबर गेलं. मघाच्या मुलाच्या मुठीत रंगांचं जे झालं, तेच इथं झालं. मणी हातात होता, त्याची जागा गेली होती.

जागा राहिली तर केवढं कळतं, याचं उदाहरण याच शिरूर तालुक्यात आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलं. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकरी राहत होते. भाजक्या मातीचे मणी, रंगीत दगडांचे मणी, तांब्याची कांकणं तिथं निघाली. कुंभाराची भट्टी निघाली. घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरलेली लहान मुलं निघाली. खालच्या थरांत ऐसपैस चौकोनी घरं, तर वरच्या थरांत लहान गोल झोपड्या; त्यावरून पाऊसमान घटलं आणि गावाला हलाखी आली, असं अनुमान संशोधकांनी केलं. टेकाड सावकाश, थराथरानं कापलं म्हणून त्याच्या पोटातली ही नक्षी दिसली.

आपण काळी आणि पांढरी म्हणतो. काळी पिकवते, पांढरी नांदवते. जुन्या वस्तीची पांढर म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या नांदण्याचा उंडा आहे. तिची माती गाडी भरून नेली की तो कुस्करला जातो आणि पुन्हा वळता येत नाही.

गुरुजींना माझी विनंती आहे. एखादं मूल मणी किंवा खापर घेऊन आलं तर त्याला रागावू नका. कुठं, किती खोल, केव्हा आणि शेजारी काय होतं, हे त्याच्याकडूनच कागदावर लिहून घ्या. आणखी उकरू नका, इतरांनाही उकरू देऊ नका. तहसील कचेरीला आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जमिनीत सापडलेला मोलाचा ऐवज कलेक्टरांना कळवावा, असा निखात निधीचा कायदा १८७८ पासून आहे. आणि जमलं तर मुलांना पुण्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय दाखवा. आपल्याच तालुक्यातल्या वस्तू पाहताना त्यांचे डोळे वेगळे होतात.

त्या मुलीनं कागद लिहिला. मामाच्या गावाचं नाव, पांढरीची दिशा, महिना, सगळं आठवून आठवून लिहिलं. कागद आणि मणी एका डबीत घालून तिनं शिक्षकांच्या हाती दिले. द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं, हे दिसत होतं. मग ती पुन्हा पाटाशी बसली, लाल-पांढरा उंडा वळला आणि एक मणी केला. दोऱ्यात ओवून गळ्यात घातला आणि म्हणाली, “ह्यो कवाचा, ते मला ठाव हाय.”

श्रोतेहो, गळ्यात घालायला मणी हवा असेल तर तो आपल्या हातानं करावा. जमिनीतला मणी जमिनीत राहू द्यावा. जाणत्यांनी सावकाश उकलेपर्यंत तिथंच त्याची किंमत आहे.